‘शिका आणि कमवा’मधलं शिकणं कुठे जातं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या आप्पांचं पाटणला झेरॉक्सचं दुकान आहे. तुमचा अंक रोज दुकानात येतो आणि त्यात जपान हा शब्द दिसला की आप्पा पानाचा फोटो काढून मला टोकियोला पाठवतात. गेल्या आठवड्यात आलेल्या फोटोत वर बातमी होती, की येत्या पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल आणि होतकरू माणसं जपानला जाणार. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही पंतप्रधानांच्या भेटीत हे ठरलं, ते खरंच आहे. बातमीच्या खाली ठळक चौकटीत जाहिरात होती : ‘जपानमध्ये शिका आणि कमवा! महिना एक लाख रुपये! बारावी पास चालेल!’ आप्पांनी खाली लिहिलं होतं, ‘तू सांगतेस त्यापेक्षा हे बरंच सोपं दिसतंय.’

आप्पांना फोनवर उत्तर दिलं. पण ती चौकट आमच्या दुकानासारख्या कितीतरी दुकानांत वाचली गेली असणार, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी ऑक्टोबर २०२४ मध्ये इथे आले. कराडला बी.एस्सी. केलं आणि अशाच एका चौकटीतला नंबर फिरवला. शाळेची पहिल्या वर्षाची फी, प्रवेश फी, एजंटचे पैसे, तिकीट, वसतिगृहाचं डिपॉझिट असे सगळे मिळून साडेसात लाख रुपये गेले. त्यातले चार आप्पांनी पतसंस्थेतून काढले. व्हिसासाठी १५० तास जपानी शिकल्याचा दाखला लागतो. माझे तास कागदावर पुरे भरले, पण निम्मे मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात. हिरागाना-काताकाना ही जपानी मुळाक्षरं यायची. विमानतळावर अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं तेव्हा मात्र मी नुसतं ‘हाय, हाय’ केलं. हाय म्हणजे हो. कशाला हो म्हटलं, ते आजतागायत ठाऊक नाही.

आधी शाळा कशी असते ते सांगते, कारण जाहिरातीत तिचा फक्त फोटो असतो.

आमची शाळा ताकादानोबाबा भागात आहे. इथे भाषाशाळांची रेलचेल आहे, सकाळी स्टेशनबाहेर पाठीवर दप्तर लावलेली बाविशी-पंचविशीतली परदेशी पोरंच पोरं दिसतात. इमारत चार मजली, मैदान नाही. सकाळची पाळी नऊ ते साडेबारा. पंचेचाळीस मिनिटांचे चार तास, मध्ये दहा-दहा मिनिटांची सुट्टी. आठवड्याला २० तास, वर्षाला किमान ७६०, हा नियम. वर्गात जास्तीत जास्त २० मुलं. आमच्या वर्गात अठरा : सात नेपाळी, चार व्हिएतनामी, तीन चिनी, दोघे म्यानमारचे, एक श्रीलंकेचा आणि भारतातली मी एकटी.

हजेरी दिवसाची नाही, तासाची. नऊ वाजून एक मिनिट झालं की वहीत खूण पडते. माझी लोकल एकदा सात मिनिटं उशिरा आली. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, म्हणाल्या, स्टेशनवरून चिठ्ठी आणलीस का? मला वाटलं थट्टा करतायत. तर इथे गाडी पाच मिनिटं उशिरा आली तरी रेल्वे तशी चिठ्ठी देते, तारीख आणि मिनिटं छापलेली. ती दाखवली की खूण पुसतात. एस.टी.ने अशा चिठ्ठ्या द्यायच्या ठरवल्या तर आप्पांचं झेरॉक्स मशीन दिवसभर बंदच होणार नाही.

हजेरी ८० टक्क्यांखाली घसरली की आमच्या शाळेत ऑफिसात बोलावणं येतं. व्हिसा वाढवताना हजेरीचा कागद इमिग्रेशनला द्यावा लागतो, आणि तिथे रडून-भेकून काही होत नाही. आमच्या आधीच्या तुकडीतला एक मुलगा ६१ टक्क्यांवर होता. तो परत गेला. त्याच्या खोलीतला राइस कुकर आता माझ्याकडे आहे.

आता कमवायचं बघू. विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. विमानतळावरच अर्ज भरून दिला की ओळखपत्राच्या मागच्या बाजूला शिक्का मिळतो. आठवड्याला २८ तास. दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्ही मिळून २८, आणि आठवडा कुठल्याही वारापासून मोजला तरी २८च्या वर जाता कामा नये, त्यामुळे सोमवारचे तास रविवारी ढकलायची चलाखी चालत नाही. शाळेच्या लांब सुट्ट्यांत तेवढी दिवसाला आठ तासांची मुभा असते.

टोकियोत किमान मजुरी ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १,२२६ येन झाली आहे. २८ तासांचे ३४,३२८. चार आठवड्यांचे १ लाख ३७ हजार. रुपयांत ७५-८० हजार. ऐकायला झक्कास. आता माझा खर्च. दोघींत एक खोली, माझ्या वाटणीचं भाडं ३८ हजार. जेवण ३० हजार, तेही स्वतः रांधून. लोकल ९ हजार. आमच्या शाळेच्या मुलांना विद्यार्थी सवलतीचा पास मिळत नाही, हेही इथे आल्यावर कळलं. वीज, गॅस, पाणी, फोन, आरोग्य विमा मिळून ११ हजार. झाले ८८ हजार. आणि फी? वर्षाला ८ लाख येन, म्हणजे महिन्याला ६६ हजारांच्या वर. बेरीज १ लाख ५४ हजार. सतराएक हजारांची तूट दर महिन्याला. त्यात चप्पल नाही, दाताचा डॉक्टर नाही, घरी पाठवायला एक पैसा नाही. आणि पहिले दोन-तीन महिने कामच मिळत नाही, कारण मुलाखतीत बोलता येत नाही.

मग जाहिरातीतले एक लाख रुपये कुठून येतात? तेही येतात. रात्री दहानंतर पहाटे पाचपर्यंत मजुरी सव्वापट असते. सगळे २८ तास रात्री केले तर आकडा जवळपास तिथे पोचतो. जाहिरात खोटी नाही, अर्धी आहे.

उरलेली अर्धी मी केलीये. काम मिळाल्यावर पहिले सात महिने डब्यांच्या कारखान्यात रात्रपाळी. इथे दुकानातून तयार जेवणाचे डबे विकतात, ते रात्री भरले जातात. डोक्यावर दोन टोप्या, तोंडाला मास्क, फक्त डोळे उघडे. पट्ट्यावरून डबे येत राहतात आणि प्रत्येकाने एकच पदार्थ टाकायचा. माझ्याकडे मुळ्याचं पिवळं लोणचं होतं. प्रत्येक डब्यात दोन चकत्या, भाताच्या उजव्या कोपऱ्यात, एकीवर एक अर्धी चढलेली. सरळ पडल्या तर पुढची बाई उचलून पुन्हा ठेवायची. एका रात्रीत किती डबे जायचे ते मोजणं मी दुसऱ्या दिवशीच सोडून दिलं. आणि खरी गंमत अशी, की त्या पट्ट्यावर जपानी बोलणारं कुणी नव्हतंच. माझ्या डाव्या हाताला बुटवलची, उजव्या हाताला चितवनची. सात महिन्यांत मी चांगली नेपाळी शिकले.

पहाटे खोलीवर यायचं, दोन तास पडायचं, की नऊला वर्ग. पुढच्या बाकावर बसूनसुद्धा डोळे मिटायचे. सेन्सेई रागवायच्या नाहीत. खांद्याला हळूच हात लावून ‘तोंड धुऊन ये’ म्हणायच्या. त्याची जास्त लाज वाटायची. वर्गातले निम्मे असेच पेंगतात. न झोपल्यामुळे शिकणं होत नाही, शिकणं न झाल्यामुळे बोलता येत नाही, आणि बोलता येत नाही म्हणून डब्यांचा पट्टा सुटत नाही. दीड-दोन वर्षं अशी जातात आणि हातात जपानीच्या परीक्षेतली एन-४ ही खालून दुसरी पायरीदेखील नसते. मग पुढे नोकरी कोण देणार?

मी त्या चक्रातून बाहेर पडले ते दोन गोष्टींमुळे. एक, आप्पांनी दुकानाचा मागचा गाळा भाड्याने दिला आणि दुसऱ्या वर्षाच्या फीतली निम्मी पाठवली. त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाचा बाप असता तर त्याच्याकडे गाळा असताच असं नाही. दुसरी गोष्ट मराठी.

हे दुसरं जरा सविस्तर सांगू द्या. काटछाट करणार असाल तर दुसरीकडे करा.

आमच्या साठीला टेकलेल्या सेन्सेई (नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही) एकदा क्रियापदाला दुसरं क्रियापद कसं जोडतात ते शिकवत होत्या. ‘ताबेते मिरु.’ ताबेरु म्हणजे खाणे, मिरु म्हणजे बघणे. चिनी मुलं वहीत सूत्र लिहून घेत होती. सेन्सेई चित्र काढून समजावत होत्या, की इथे डोळ्यांनी बघायचं नाहीये, चव घ्यायची आहे. मी जागी झाले. अहो, हे तर ‘खाऊन बघ’! पुढचं वाक्य ‘काइते ओकु’. काकु म्हणजे लिहिणे, ओकु म्हणजे ठेवणे. ‘लिहून ठेव’. त्याच्या पुढचं ‘ताबेते शिमात्ता’, म्हणजे ‘खाऊन टाकलं’, आणि त्यातला ‘अरेरे, नको होतं खायला’ हा सूरसुद्धा तोच. मी हात वर केला, फळ्यावर देवनागरीत तिन्ही लिहिलं आणि खाली शब्दाला शब्द लावून दाखवला. मागून नेपाळी मैत्रीण ओरडली, ‘खाएर हेर! आमचंही तसंच!’ सेन्सेईंनी फळ्याचा फोटो काढून घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की ही भाषा मला येऊ शकते.

तसंच ‘त्सु’चं. व्हिएतनामी मुलांचा ‘त्सु’ हमखास ‘चु’ होतो, चहातला. आपण ‘चूल’ म्हणताना जो च काढतो तो म्हटला की ‘त्सु’ होतो. मला पहिल्या दिवसापासून जमला आणि का जमला ते मलाच माहीत नव्हतं. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, ‘सामुई देसु ने’ म्हणजे सरळ ‘थंडी आहे ना’. आपल्याला अडतं ते दोन ठिकाणी. एक कान्जी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रलिपी, तिथे चिनी मुलं आरामात बसलेली असतात. सरकारी यादीत २,१३६ चित्रं आहेत, रोज आठ-दहा घोटली तरी मागची पुसत जातात. आणि दुसरं, देण्याघेण्याची क्रियापदं. मी तुला दिलं, तू मला दिलंस, दोन्हीकडे आपण ‘देणे’ म्हणतो. इथे दोन वेगळी क्रियापदं आहेत. चुकलं की समोरचा काही बोलत नाही, नुसतं हसतो.

हे जे शाळेत मिळतं, ते पट्ट्यावर मिळत नाही. शाळेत वर्गाबाहेरही बरंच असतं. एप्रिलमध्ये साकुराखाली, म्हणजे चेरीच्या बहराखाली, डबे घेऊन बसतो. जुलैत तानाबाताच्या सणाला बांबूच्या फांदीला रंगीत कागदांवर इच्छा लिहून बांधायच्या. मी सगळे कागद वाचून काढले, ‘एन-२ पास होऊ दे’, ‘व्हिसा मिळू दे’, आणि एकावर नुसतं ‘झोप’. परवाच, जानेवारीत, वर्षाचं पहिलं ब्रशलेखन झालं. माझ्या ‘युमे’चा, म्हणजे स्वप्नाचा, शेवटचा फराटा कागदाबाहेर गेला. कामाकुराची सहलही झाली, तिच्याबद्दल काही खास नाही, बसमध्ये सगळे झोपले होते.

पण भूकंपाची कवायत सांगायलाच हवी. १ सप्टेंबर हा इथे आपत्ती निवारणाचा दिवस, १९२३ च्या टोकियोच्या मोठ्या भूकंपाची आठवण. त्या आठवड्यात अग्निशमन दलाची गाडी शाळेसमोर आली. गाडीच्या मागच्या भागात एक छोटी खोली, टेबल, चार खुर्च्या. चौघांना आत बसवून ती खोली हलवतात. इथल्या मापातली सगळ्यात वरची पायरी सात, ती लावली. टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरूनही मी आपटत होते. व्हिएतनामी मुलं हसत होती. मला हसू आलं नाही, कारण मी पाटणची. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आजीने मला किती वेळा सांगितली असेल. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती अठरा वर्षांची, नवी नवरी. दगड-मातीचं घर, म्हशीने आधी दावं तोडलं, मग भिंत गेली. सासूने कानाला धरून अंगणात ओढली म्हणून वाचली.

खाली उतरल्यावर अग्निशमन दलाच्या माणसाला मी विचारलं, की आमच्याकडे बाहेर पळतात, तुम्ही टेबलाखाली बसा म्हणता, खरं काय? त्याने शांतपणे विचारलं, घर कशाचं होतं? दगड-मातीचं म्हटल्यावर तो म्हणाला, तुमच्या आजींनी बरोबर केलं. इथे बाहेर पळालात तर वरून काच पडेल. हे सगळं संभाषण जपानीत झालं. मी त्या दिवशी आप्पांना फोन करून तेवढंच सांगितलं.

नोव्हेंबरात शाळेची वक्तृत्व स्पर्धा झाली. पाच मिनिटं, कागद न बघता. मी आजीची म्हैस सांगितली. तिसरा नंबर आला, पुस्तकांचं ३,००० येनचं कुपन मिळालं. त्या आधीचे दोन आठवडे सेन्सेई रोज साडेबारानंतर अर्धा तास थांबून माझे उच्चार घासून घेत होत्या, त्याचे पैसे त्यांना मिळत नव्हते. त्याच दिवसांत त्या स्वतःही परीक्षेचा अभ्यास करत होत्या. १ एप्रिल २०२४ पासून इथे नवा कायदा आलाय. भाषाशाळांना आता शिक्षण मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते, जुन्या शाळांना मार्च २०२९ पर्यंत मुदत आहे, आणि शिक्षकांसाठी राष्ट्रीय नोंदणी आणि परीक्षा सुरू झालीये. मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी जाड पुस्तक उघडून बसायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, ‘माझ्यासाठीही कागद बांधा बांबूला.’

आता मी संध्याकाळी एका दुकानात गल्ल्यावर काम करते. मजुरी कमी, पण गिऱ्हाईक जपानी बोलतं. म्हाताऱ्या बायका हवापाण्याचं बोलतात, मी ‘ने’ लावून उत्तर देते. जुलैत एन-३ पास झाले, डिसेंबरात एन-२ दिली, निकाल यायचाय. पदवी असल्यामुळे मला इथून थेट नोकरीचा व्हिसा मागता येतो. बारावीवाल्याला तो रस्ता नाही. त्याला पुढे व्यवसायशिक्षणाची शाळा किंवा विद्यापीठ गाठावं लागतं, म्हणजे आणखी दोन ते चार वर्षं आणि आणखी फी. ‘बारावी पास चालेल’ म्हणताना हे वाक्य चौकटीत मावत नाही. आणि ज्याला मुळात काम करायलाच यायचंय, समजा वृद्धांच्या शुश्रूषेत, त्याच्यासाठी ‘विशिष्ट कौशल्य’ नावाचा वेगळा व्हिसा आहे. एन-४ च्या बरोबरीची भाषेची परीक्षा आणि कौशल्याची परीक्षा (शुश्रूषेसाठी त्या कामातल्या जपानीचीही एक) भारतात देऊन थेट नोकरीवर येता येतं, पूर्णवेळ पगार, २८ तासांची कटकट नाही. त्याला भाषाशाळेत आणून फी भरायला लावण्यात कुणाचा फायदा? माझ्या एजंटला शाळेकडूनही कमिशन मिळालं होतं, हे मला इथल्या ऑफिसात सहज बोलता बोलता कळलं.

म्हणून तुम्हाला विनंती. जाहिरात छापू नका असं मी म्हणणार नाही, पेपर कसा चालतो ते आप्पांच्या दुकानात बसून मलाही थोडं कळतं. पण जेव्हा जपानची बातमी छापाल, तेव्हा तिच्याशेजारी हा वरचा हिशोब एकदा छापा. आणि एजंटकडे जाणाऱ्या आईबापांनी त्याला एवढं तरी विचारावं : शाळेला नव्या कायद्याची मान्यता मिळाली का, गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं कुठे गेली, त्यात नोकरी किती जणांना आणि परत किती जण, आणि शाळा तुम्हाला किती देते. पूर्ण पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचं जेवण-भाडं हातात नसेल तर थांबावं. एन-४ भारतातच करून यावं. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात केंद्र आहे, आणि पुण्यात जपानी शिकवणाऱ्या चांगल्या माणसांची कमी नाही.

तुमच्या त्या चौकटीतला नंबर आमच्या शेजारच्या मुलानेही फिरवला होता. बारावी झालाय, घरची दोन एकर. त्याच्या आईने आप्पांना विचारलं, आप्पांनी मला. मी त्याला म्हटलं, आधी कराडला पदवीला नाव घाल आणि सोबत एन-५ सुरू कर, मग बघू. नाराज झाला. आठ दिवस काही नाही. काल रात्री दुकानातून सुटून स्टेशनवर उभी होते तर त्याचा फोन. ‘ताई, ते त्सु काही केल्या येईना.’

मी म्हटलं, ‘चूल म्हण.’

फलाटावर चार माणसं वळून बघायला लागली, कारण तो तिकडून चूल चूल ओरडत होता आणि फोन स्पीकरवर होता.

आपली नम्र,
एक वाचक
(मूळ गाव : पाटण तालुका, जि. सातारा. सध्या टोकियो.)

ता. क. नाव-पत्ता आपल्याकडे स्वतंत्र पाठवला आहे, कृपया छापू नये. एजंटचं ऑफिस आप्पांच्या दुकानापासून तिसरं आहे आणि तो झेरॉक्सला आमच्याकडेच येतो.